लोकशाहीचे मोजमाप आणि मोताळा तालुका

एखाद्या देशात लोकशाही आहे का, या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देता येते. ती किती आहे, असे विचारले की काम वाढते. त्यासाठी आधी व्याख्या ठरवावी लागते, मग तिचे प्रश्न करावे लागतात, प्रश्नांना गुण देणारी माणसे लागतात आणि त्या गुणांची बेरीज करायचा काहीतरी नियम लागतो. जगात आज प्रचलित असलेले बहुतेक लोकशाही निर्देशांक या चार पायऱ्यांनीच तयार होतात. एकाच देशाला दोन संस्था वेगवेगळे गुण देतात तेव्हा आकडेमोड बहुधा चुकलेली नसते. फरक पडलेला असतो तो पहिल्या पायरीवर, म्हणजे व्याख्येत.

व्याख्येसाठी बहुतेक अभ्यासक अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांचा आधार घेतात. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉलिआर्की' या पुस्तकात त्यांनी दोन कसोट्या पुढे ठेवल्या. सत्तेसाठी खुली स्पर्धा होते का, ही पहिली. त्या स्पर्धेत भाग घेण्याचा हक्क किती लोकांना आहे, ही दुसरी. याच्या जवळपास वीस वर्षे आधी, २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात जिल्हा विधी ग्रंथालयाच्या सभासदांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी सांगितल्या होत्या. समाजात टोकाची विषमता नसणे, विरोधी पक्ष असणे, कायदा आणि प्रशासन यांची सर्वांना समान वागणूक, सांविधानिक नीतीचे पालन, बहुसंख्याकांची अल्पसंख्याकांवर जुलूमशाही नसणे, समाजाची नैतिक बैठक आणि सार्वजनिक सदसद्विवेक, अशी ती यादी आहे. डाल यांच्या कसोट्या मोजायला सोप्या आहेत. आंबेडकरांच्या अटींपैकी विरोधी पक्षाची तेवढी सहज मोजता येते. बाकीच्या मोजताना कोणाचे तरी मत विचारावेच लागते. लोकशाही मोजण्यातली बहुतेक भांडणे या फरकातून निघालेली आहेत.

सर्वांत कोरडी पद्धत हो-नाहीची. अ‍ॅडम प्रझेवर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या वर्गीकरणात देशाचा कारभारी निवडून आलेला आहे का, कायदेमंडळ निवडून आलेले आहे का, एकाहून अधिक पक्ष आहेत का आणि सत्ताधारी कधी हरून पायउतार झाले आहेत का, एवढेच पाहिले जाते. यातली शेवटची अट वादाची ठरली. बोट्स्वानात स्वातंत्र्यापासून नियमित आणि बऱ्यापैकी स्वच्छ निवडणुका होत होत्या, पण दर वेळी एकच पक्ष जिंकत होता, म्हणून या वर्गीकरणाने तो देश लोकशाहीबाहेर ठेवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथला सत्ताधारी पक्ष ५८ वर्षांनी हरला आणि त्याने सत्ता सोडली. भारतात केंद्रात पहिले सत्तांतर मार्च १९७७ मध्ये झाले. हीच अट महाराष्ट्राला लावली तर १९६० पासून १९७८ पर्यंतचा काळ अडचणीचा ठरतो. १९७८ चे पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकारही काँग्रेसमधून फुटलेल्या गटाच्या नेतृत्वाखाली आले होते, त्यामुळे काटेकोर परीक्षक सत्तांतराची तारीख १९९५ पर्यंत पुढे ढकलेल. पस्तीस वर्षे महाराष्ट्रात लोकशाही नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. थोडक्यात, सत्तांतर हा लोकशाहीचा पक्का पुरावा असला, तरी ते न घडणे हा लोकशाही नसल्याचा पुरावा होत नाही.

फिनलंडचे टाटू व्हानहानेन यांनी तज्ज्ञांची मते पूर्णपणे बाजूला ठेवून केवळ निवडणुकीच्या आकड्यांवर निर्देशांक बांधला. त्यांचे सूत्र कागदावर चार ओळींत मांडता येते. सर्वांत मोठ्या पक्षाला मिळालेल्या मतांची टक्केवारी शंभरातून वजा केली की स्पर्धा मिळते. एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के लोकांनी मत दिले, हा सहभाग. दोहोंचा गुणाकार करून शंभराने भागले की निर्देशांक तयार. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपला साडेछत्तीस टक्क्यांच्या आसपास मते पडली, म्हणजे स्पर्धा ६३ च्या थोडी वर. सुमारे ६४ कोटी लोकांनी मतदान केले. १४४ कोटींच्या लोकसंख्येत तो सहभाग ४५ टक्क्यांच्या आत येतो. गुणाकाराने उत्तर २८ च्या जवळ जाते. व्हानहानेन यांनी लोकशाहीसाठी लावलेला उंबरठा अवघा ५ आहे, तोही स्पर्धा किमान ३० आणि सहभाग किमान १० असण्याच्या अटीवर. भारत तो सहज ओलांडतो. या सूत्रात एक खोट मात्र आहे. सहभाग मतदारांच्या नव्हे तर लोकसंख्येच्या प्रमाणात काढल्यामुळे ज्या देशात मुलांची संख्या जास्त, तिथली लोकशाही आपोआप कमी भरते.

हेच गणित एका मतदारसंघावर करून पाहिले की आकड्यांचा स्वभाव कळतो. मोताळा हा बुलढाणा जिल्ह्यातला घाटाखालचा तालुका. विधानसभेला तो बुलढाणा मतदारसंघात येतो आणि लोकसभेलाही बुलढाण्यातच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत इथे शिवसेनेचे प्रतापराव जाधव यांना सुमारे साडेतीन लाख, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे नरेंद्र खेडेकर यांना तीन लाख वीस हजार आणि अपक्ष रविकांत तुपकर यांना अडीच लाखांच्या घरात मते मिळाली. एकूण मते अकरा लाखांच्या आसपास होती, त्यामुळे विजेत्याचा वाटा ३२ टक्क्यांपर्यंत राहिला. व्हानहानेन यांच्या सूत्राने इथली स्पर्धा ६८, म्हणजे देशाच्या आकड्यापेक्षा सरस. किती उमेदवार खरोखर शर्यतीत होते हे मोजायला मार्क्कू लाक्सो आणि राइन टागेपेरा यांनी १९७९ मध्ये एक सूत्र दिले. त्यात प्रत्येकाच्या मतवाट्याचा वर्ग करून बेरीज घेतात आणि एकाला त्या बेरजेने भागतात. बुलढाण्याचे उत्तर चारच्या आसपास येते. उमेदवारांची यादी कितीही लांब असली तरी लढत चौघांपुरती होती, असा त्याचा अर्थ.

याच निकालाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले तर दर तीन मतदारांतल्या दोघांनी विजेत्याला मत दिलेले नाही. शिवाय जाधव २००९ पासून सलग चौथ्यांदा निवडून आले, म्हणजे प्रझेवर्स्की यांच्या सत्तांतराच्या कसोटीला हा मतदारसंघ त्या काळात उतरलेला नाही. सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला बुलढाण्यातून संजय गायकवाड फक्त ८४१ मतांनी जिंकले. एवढ्या चुरशीच्या मतदारसंघाला एका मापाने उत्तम आणि दुसऱ्या मापाने नापास ठरवता येते, आणि दोन्ही मापे आपापल्या जागी बरोबर असतात.

मतांचे जागांमध्ये रूपांतर कसे होते, हे मोजणे हा आणखी एक मार्ग. मायकेल गॅलाघर यांचा १९९१ चा निर्देशांक पक्षांचा मतांतला वाटा आणि जागांतला वाटा यांतली तफावत काढतो. महाराष्ट्राने २०२४ मध्ये एका वर्षात त्याची दोन ठळक उदाहरणे दिली. लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती यांची मते जवळजवळ सारखी होती, पण जागा ३० आणि १७ पडल्या. विधानसभेला महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून अर्ध्याहून थोडी कमी मते मिळाली आणि २८८ पैकी २३० जागा. सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येण्याच्या पद्धतीत हे होतच असते. जागांच्या आकड्यावरून जनमताचा कौल वाचणाऱ्यांनी मात्र तो जरा बेताने वाचावा.

आकड्यांच्या पलीकडची लोकशाही मोजायची तर तज्ज्ञ लागतात. टेड रॉबर्ट गर यांनी सुरू केलेला पॉलिटी प्रकल्प देशांना उणे १० ते अधिक १० असे गुण देत असे आणि ६ पासून वर लोकशाही मानत असे. सत्ताधीश कसा निवडला जातो, त्याच्या हातांवर किती बंधने आहेत आणि राजकीय स्पर्धा किती संघटित आहे, हे त्यात पाहिले जाई. मतदानाचा हक्क किती लोकांना आहे, हे पाहिले जात नसे. म्हणून स्वित्झर्लंडला १८४८ पासून पैकीच्या पैकी गुण आहेत, जरी तिथल्या स्त्रियांना देशपातळीवर मताचा अधिकार १९७१ मध्ये मिळाला. निम्म्या प्रौढांना वगळून पूर्ण लोकशाही ठरवणारे माप कितीही शास्त्रीय दिसले, तरी त्याची व्याख्या तोकडी आहे.

मापांची खरी परीक्षा आणीबाणीत होते. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात विरोधी नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता आणि लोकसभेची मुदत वाढवली गेली होती. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या दडपशाहीविरुद्ध आवाज उठवला आणि पुढे त्यांना अटक झाली. पॉलिटीच्या नोंदीत त्या काळात भारताचे गुण ९ वरून ७ वर आले, म्हणजे भारत लोकशाहीच्या उंबरठ्याच्या वरच राहिला. कारण साधे आहे: नागरी स्वातंत्र्याचा रकानाच पॉलिटीत नाही, त्यामुळे लेखिकेच्या अटकेची नोंद करायला तिथे जागा नाही. फ्रीडम हाउसने याच काळात भारताला 'अंशतः मुक्त' गटात टाकले. व्ही-डेम या नंतरच्या प्रकल्पाने मागे वळून गुण देताना आणीबाणीच्या भारताला लोकशाहीच्या रेषेखाली उतरवले. घटना एकच, काळही एकच, तरी निकाल तीन. त्यातला कोणता रास्त, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगायला निर्देशांकाची गरज पडत नाही.

फ्रीडम हाउस ही अमेरिकी संस्था १९४१ ची. तिचा वार्षिक अहवाल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून निघतो. राजकीय हक्कांना ४० आणि नागरी स्वातंत्र्याला ६० गुण अशी तिची वाटणी आहे. २०२१ च्या अहवालात भारताला ६७ गुण मिळून तो 'मुक्त' गटातून 'अंशतः मुक्त' गटात उतरला; २०२५ च्या अहवालात गुण ६३ झाले. संस्थेला मोठा निधी अमेरिकी सरकारकडून मिळत आला, हे वाचताना ध्यानात ठेवावे. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटचा निर्देशांक २००६ पासून आहे. त्यात निवडणूक प्रक्रिया, सरकारचे कामकाज, राजकीय सहभाग, राजकीय संस्कृती आणि नागरी स्वातंत्र्य अशा पाच भागांत ६० प्रश्न विचारले जातात आणि दहापैकी गुण मिळतात. भारताचे गुण २०१४ मध्ये ७.९२ होते, २०२० मध्ये ६.६१ पर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये ७.२९ झाले. ६ ते ८ या पट्ट्यातल्या देशांना ही संस्था सदोष लोकशाही म्हणते. उत्तरे नेमकी कोण देते, हे मात्र ती उघड करत नाही, आणि हा तिचा सर्वांत मोठा दोष आहे.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातला व्ही-डेम प्रकल्प या सर्वांत खोल आहे. तो १७८९ पासूनचे जग मोजतो आणि लोकशाहीला एकच आकडा न देता निवडणुकीची, उदारमतवादी, सहभागाची, विचारविनिमयाची आणि समतेची अशी पाच अंगे वेगवेगळी मोजतो. ज्या प्रश्नांना मत लागते, त्यांना प्रत्येक देशासाठी साधारण पाच जाणकार उत्तरे देतात. एक परीक्षक सढळ हाताने गुण देतो, दुसरा हात आखडतो. हा फरक काढण्यासाठी सर्वांना काल्पनिक देशांची तीच वर्णने देऊन गुण द्यायला सांगतात आणि मग संख्याशास्त्रीय पद्धतीने सगळ्यांची फूटपट्टी जुळवून घेतात. प्रत्येक आकड्याबरोबर त्याच्या खालची आणि वरची मर्यादाही छापलेली असते. उदारमतवादी लोकशाहीच्या मापावर भारत २०१३ मध्ये ०.५७ वर होता. २०२० मध्ये ०.३४ वर आला. त्यावरून २०२१ च्या अहवालात भारताला 'निवडणुकीतून आलेली एकाधिकारशाही' या गटात टाकले गेले आणि देशात मोठा वाद झाला.

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे संजीव सन्याल आणि आकांक्षा अरोरा यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये या निर्देशांकांवर सविस्तर टीका केली. थोड्या अनामिक तज्ज्ञांच्या मतांवर सगळा डोलारा उभा आहे, प्रश्न सर्व देशांना सारखे लागू होत नाहीत आणि आणीबाणीच्या जोडीने अलीकडचा भारत बसवला जातो, असा तिचा सारांश. ही टीका करणारे सरकारचेच सल्लागार असले तरी तिच्यातले पहिले दोन मुद्दे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. सरकारशी संबंध नसलेल्या अँड्र्यू लिट्ल आणि अ‍ॅन मेंग या अभ्यासकांनीही असाच संशय बोलून दाखवला. सत्ताधारी किती वेळा हरतात, यासारख्या वस्तुनिष्ठ खुणा पाहिल्या तर जगभर लोकशाहीची फारशी घसरण दिसत नाही, म्हणजे तज्ज्ञांचा मूडच उतरला असेल, असे त्यांचे म्हणणे. व्ही-डेमच्या अभ्यासकांनी उत्तर दिले की आजचे सत्ताधारी निवडणूक रद्द करत नाहीत, तिच्या आजूबाजूची हवा बदलतात, आणि ते वस्तुनिष्ठ खुणांत उमटत नाही. या वादात दोन्ही बाजूंना थोडे थोडे मानावे लागते. क्रमांकाला फार किंमत देऊ नये. एक-दोन पायऱ्यांचा फरक बहुधा त्रुटीच्या मर्यादेत असतो. तीन-चार संस्थांचे आकडे वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एकाच दिशेला वळत असतील, तर मात्र त्याकडे पाठ फिरवता येत नाही.

तज्ज्ञांऐवजी सामान्य माणसांना विचारण्याचा प्रयोगही झाला. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेच्या लोकनीती कार्यक्रमाने दक्षिण आशियातल्या पाच देशांत पाहणी करून २००८ मध्ये लोकशाहीच्या स्थितीवर अहवाल काढला. पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर हे त्याच्या कर्त्यांपैकी एक. लोकांच्या मनातली लोकशाही पाश्चात्त्य व्याख्येच्या चौकटीत मावत नाही, हे या पाहणीतून पुढे आले. गरजा भागणे, न्याय मिळणे आणि मान मिळणे यांनाही लोक लोकशाहीच म्हणतात.

या सगळ्या मापांची एक मर्यादा अशी की ती अख्ख्या देशाला मिळून गुण देतात. तालुक्यात काय चालले आहे, हे त्यात जवळजवळ दिसतच नाही. व्ही-डेममध्ये स्थानिक शासनाचा एक निर्देशांक आहे. स्थानिक पातळीवर निवडून आलेल्या संस्था आहेत का, आणि त्यांना न निवडलेल्या अधिकाऱ्यांच्या हस्तक्षेपाशिवाय काम करता येते का, असे तो विचारतो. हा प्रश्न मोताळ्यात नेला तर उत्तर चमत्कारिक येते. शहराच्या नगरपंचायतीची निवडणूक ओबीसी आरक्षणाच्या वादामुळे डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत का होईना, पार पडली. त्याच शहरात कार्यालय असलेल्या पंचायत समितीची आणि बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून पंचायत समितीत गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक म्हणून बसले. गावातला मतदार आमदार, खासदार आणि सरपंच निवडत राहिला. मधल्या दोन पायऱ्या रिकाम्या राहिल्या. राज्यघटनेचे २४३-ई हे कलम पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायला सांगते. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याला निवडणुका घेण्याचा आदेश दिला. नगरपरिषदांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाले.

दरम्यान, फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने पंचायतींना किती अधिकार दिले गेले, याचा राज्यवार निर्देशांक प्रसिद्ध केला. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूनंतर महाराष्ट्र चौथा आला. कायदा, कामे, निधी, कर्मचारी, क्षमता आणि उत्तरदायित्व अशा सहा अंगांनी ही मोजणी होते, आणि महाराष्ट्राचा १९६१ चा जिल्हा परिषद कायदा व त्यावर उभी राहिलेली यंत्रणा भक्कम आहे, हे खरेच. पण बहुतेक जिल्हा परिषदांत एकही निवडून आलेला सदस्य नसताना मिळालेल्या चौथ्या क्रमांकाहून मोजमापाच्या मर्यादेचा चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर बिनविरोध निवडणुकीचा पेच आहे. व्हानहानेन यांच्या सूत्राने बिनविरोध गावाचे गुण शून्य. गावकरी त्यालाच एकोपा म्हणतात, आणि काही ठिकाणी तो खरोखर असतो. काही ठिकाणी मात्र बिनविरोधची बोली लागते. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. त्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे आढळल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या. निकालपत्रकावर समजुतीने झालेली आणि विकत घेतलेली बिनविरोध निवड सारखीच दिसते. फरक फक्त गावात जाऊन चौकशी करणाऱ्याला कळतो.

स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचेही तसेच. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळे संख्येच्या रकान्यात गुण भरपूर पडतात. सही बाईंची आणि कारभार पतीचा, हा प्रकार कोणत्याही रकान्यात येत नाही. ग्रामसभेचा कोरम कायद्याने मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढा आहे. हजेरीच्या वहीतल्या सह्या मोजून सहभाग ठरवणारा अभ्यासक आणि सभेत प्रत्यक्ष बसून कोण बोलले हे टिपणारा अभ्यासक, यांचे निष्कर्ष जुळण्याची शक्यता कमीच.

कोणत्याही निर्देशांकाशिवाय तपासता येईल अशी एक नोंद मात्र निर्विवाद आहे. बुलढाणा जिल्हा परिषदेची आणि तिच्याबरोबर मोताळा पंचायत समितीची शेवटची सार्वत्रिक निवडणूक १६ फेब्रुवारी २०१७ रोजी झाली. २०२५ साल संपले तेव्हा त्या मतदानाला आठ वर्षे दहा महिने झाले होते.